पित्तनलिकेतलं ॲब्लेशन: जून ते जानेवारीची फाइल

२०२४ च्या जूनमध्ये, मिरग लागून चार-पाच दिवस झाले होते, तेव्हा दादाचे डोळे पिवळे असल्याचं वहिनीच्या लक्षात आलं. ताप नव्हता, पोट दुखत नव्हतं. लघवी मात्र कोऱ्या चहासारखी होत होती आणि शौच मातकट, पांढुरकं. रात्री अंगाला इतकी खाज सुटायची की झोप लागत नसे. आमच्या गोव्यात डिचोलीकडे कावीळ म्हटली की झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे जायची पद्धत अजून आहे. त्यात अकरा दिवस गेले.

हे अकरा दिवस मुद्दाम सांगते. विषाणूमुळे होणाऱ्या काविळीत सुरुवातीला बहुधा ताप, मळमळ, अंगदुखी असते. न दुखता वाढत जाणारी कावीळ, पांढरं शौच आणि खाज ही तिन्ही एकत्र दिसली, तर पित्ताची वाट कुठेतरी अडली आहे असं समजून त्याच दिवशी सोनोग्राफी करावी. शौचाला रंग पित्तामुळे येतो. पित्त आतड्यात पोचलंच नाही तर शौच पांढरं होतं आणि तोच रंग रक्तातून लघवीत उतरतो.

मी निवृत्त परिचारिका आहे आणि नोकरीतली काही वर्षं ईआरसीपीच्या (तोंडातून दुर्बीण नेऊन पित्तनलिका मोकळी करतात त्या) खोलीत काढली आहेत, म्हणून दादाची फाइल माझ्याकडे आली. दादाला निघाला पित्तनलिकेचा कॅन्सर, आणि त्यावर झालं ॲब्लेशन, म्हणजे नळीत वाढलेली गाठ आतून उष्णतेने मारणं. गेल्या दोन महिन्यांत ओळखीतल्या तीन कुटुंबांनी त्याच उपचाराबद्दल विचारलं. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा फाइल समोर ठेवून एकदा क्रमाने लिहावं, म्हणून हे.

२४ जूनला सोनोग्राफी झाली. यकृतातल्या पित्तनलिका फुगलेल्या, पित्ताशय मात्र रिकामं आणि आक्रसलेलं. याचा अर्थ अडथळा पित्ताशयाच्या वाटेच्या वर, यकृताच्या दाराशी आहे. एकूण बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) १४.६, अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त अडलं की वाढणारं) ६१२, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) १.७. आयएनआर वाढलेला दिसला की घरचे घाबरतात. पित्त आतड्यात पोचत नसलं की जीवनसत्त्व के शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. दादाला के जीवनसत्त्वाची १० मिलिग्रॅमची इंजेक्शनं तीन दिवस दिली आणि आयएनआर १.२ वर आला. इंजेक्शनांनी तो उतरला नसता, तर यकृतच थकलंय असं मानावं लागलं असतं.

२६ आणि २७ तारखेला सीटी आणि एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय). इथे एक क्रम पाळायला हवा: आधी स्कॅन, मग स्टेंट (वाट उघडी ठेवणारी बारीक नळी). स्टेंट टाकला की फुगलेल्या नळ्या पुन्हा बसतात आणि भिंतीला सूजही येते. मग गाठ कुठे सुरू होते आणि रक्तवाहिन्यांपर्यंत कितपत पोचली आहे, हे नीट दिसत नाही. ‘उद्याच्या उद्या स्टेंट टाकून टाकू’ असं कुणी म्हणालं आणि रुग्णाला ताप नसेल, तर एमआरसीपी झाली आहे का हे विचारायला संकोच करू नका. एमआरसीपीआधी चार ते सहा तास उपाशी राहायचं असतं. शरीरात पेसमेकर असेल तर तारीख घेतानाच सांगायचं.

अहवालात लिहिलं होतं: दोन्ही यकृतनलिका जिथे मिळतात त्या जागी अरुंदपणा, बिस्मथ प्रकार दोन (गाठ संगमापर्यंत, त्यापुढच्या फांद्यांत नाही), लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर, पोर्टल शिरेच्या (आतड्यांतलं रक्त यकृतात नेणाऱ्या) मुख्य भागाला गाठीचा विळखा. सीए १९-९ ही कॅन्सरसाठी करतात ती रक्ततपासणी, ती होती ८४०. हा आकडा काविळीत खोटा वाढतो, त्यामुळे त्यावरून काही ठरवू नये. पित्ताची वाट मोकळी झाल्यावर तो पुन्हा करून घ्यावा. जुलैअखेर दादाचा १९० आला. आयजीजी-४ ही रक्ताची तपासणीही करून घेतली. पित्तनलिकेच्या कॅन्सरसारखाच दिसणारा एक आजार स्टिरॉइडने आटोक्यात येतो आणि तो नाही याची खात्री आधी व्हावी लागते. दादाची तपासणी सामान्य आली.

२८ च्या रात्री थंडी वाजून १०२ ताप आला, बिलिरुबिन १९.२ वर गेलं. अडलेल्या पित्तात जंतू वाढले की प्रतिजैविकं एकटी पुरत नाहीत, पित्त बाहेर काढावंच लागतं. २९ जूनला पणजीजवळच्या एका खाजगी इस्पितळात पहिली ईआरसीपी झाली. तोंडातून दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात, पित्तनलिकेच्या तोंडाशी बारीक छेद देतात, गाइडवायर (वाट दाखवणारी बारीक तार) अरुंद जागेतून वर सरकवतात आणि तिच्यावरून स्टेंट. डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन प्लास्टिक स्टेंट टाकले. ब्रशने पेशी घेतल्या. खर्च ७२,००० रुपये.

दोन स्टेंट कशासाठी, असं वहिनीने विचारलं होतं. यकृताच्या दाराशी अडथळा असतो तेव्हा यकृताचा निम्म्याहून जास्त भाग मोकळा व्हावा, हे उद्दिष्ट असतं. आणि ज्या भागातून पित्त बाहेर काढता येणार नाही तिथे क्ष-किरणांसाठीचं रंगद्रव्य भरू नये, कारण ते तिथेच अडकून जंतूंना घर मिळतं. दाराशी असलेल्या गाठीत ईआरसीपीनंतर जो ताप येतो, त्याचं हे एक मोठं कारण. म्हणून डॉक्टरांना आधीच विचारावं: एमआरसीपी बघून कोणत्या नळ्या मोकळ्या करायचं ठरलं आहे?

ब्रशचा अहवाल आठ दिवसांनी आला: ‘संशयास्पद, पक्कं निदान नाही.’ हे नेहमी घडतं. या कॅन्सरमध्ये पेशी कमी आणि तंतुमय ऊती जास्त असते, त्यामुळे जवळपास निम्म्या रुग्णांत ब्रश एकटा पुरत नाही. अहवालात ‘पेशी आढळल्या नाहीत’ असं वाचून देवाला नारळ फोडू नये. सीटीवर अरुंदपणा दिसत असेल तर तपासणी पुन्हा करावी लागते. दादाची पक्की बायोप्सी दुसऱ्या खेपेला, नळीत घालायच्या बारीक दुर्बिणीतून झाली.

१५ जुलैच्या रात्री थिवीहून कोकणकन्येने मुंबई. शस्त्रक्रिया शक्य आहे का, हे ठरवायला यकृताच्या शल्यविशारदाचं मत हवं होतं. ही पायरी गाळू नये, कारण बाकी सगळे उपचार या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतात. बरोबर काय न्यावं: सीटी आणि एमआरसीपीची सीडी, नुसत्या फिल्म पुरत नाहीत, ईआरसीपीचा अहवाल, पॅथॉलॉजीतून मागून घेतलेल्या पेशींच्या काचा (स्लाइड), आणि तारखेनुसार बिलिरुबिन लिहिलेला एक कागद. त्या एका कागदामुळे डॉक्टरांची दहा मिनिटं वाचली आणि तीच दहा मिनिटं आम्हाला प्रश्न विचारायला मिळाली. उत्तर मिळालं की पोर्टल शिरेचा विळखा पाहता शस्त्रक्रिया होणार नाही. केमोथेरपी देता येईल, पण त्यासाठी बिलिरुबिन जवळपास सामान्य पातळीवर यायला हवं आणि तिथे टिकायला हवं. त्याच भेटीत रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशनचा विषय पहिल्यांदा निघाला.

हे काय असतं ते सावकाश सांगते, कारण ‘आतून जाळतात’ एवढं ऐकून दादाने पहिल्यांदा नकारच दिला होता.

ईआरसीपीसारखीच दुर्बीण आत जाते. गाइडवायरवरून एक बारीक कॅथेटर (लांब, लवचिक नळी) अरुंद जागेत नेतात. त्याच्या टोकाजवळ धातूच्या कड्या असतात. त्यांच्यामध्ये सुमारे ४०० किलोहर्ट्झचा विद्युतप्रवाह सोडला की त्या जागेतल्या पेशींमधले विद्युतभारित कण वेगाने हलतात आणि त्या घर्षणाने ऊती तापते. ६० अंशांच्या वर पेशीतली प्रथिनं गोठतात आणि पेशी मरते. १०० अंशांच्या पुढे गेलं तर ऊती कोळसते, विद्युतरोध एकदम वाढतो, कॅथेटर भिंतीला चिकटतो आणि उष्णता आत पोचतच नाही. म्हणजे जास्त तापवल्याने जास्त फायदा होत नाही. फायदा काही मिलिमीटर खोलीपुरता असतो: नळीच्या आत वाढलेली गाठ मरते, वाट रुंद होते आणि स्टेंटमधून पुन्हा आत वाढणारी ऊती काही काळ लांबते. रक्तवाहिनीभोवतीची गाठ याने जात नाही. हा कॅन्सर बरा करणारा उपचार नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, आणि तसं न सांगणाऱ्याकडे हा उपचार करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅथेटर दोन प्रकारचे जास्त वापरात आहेत. हबीब कॅथेटर ८ फ्रेंच जाडीचा, १८० सेंटिमीटर लांब, दोन कड्यांमध्ये ८ मिलिमीटर अंतर. तो एका वेळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीचा भाग तापवतो. साधारण ७ ते १० वॅट, ९० सेकंद ते दोन मिनिटं, मग हलवण्याआधी एक मिनिट थांबायचं. दुसरा कोरियन बनावटीचा, ७ फ्रेंच. त्यात तापमान मोजण्याची सोय असते, जनरेटर ते ८० अंशांवर राखतो, आणि तापणाऱ्या भागाची लांबी ११, १८, २२ किंवा ३३ मिलिमीटर अशी निवडता येते. फ्रेंच म्हणजे जाडीचं माप: तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. बिलावर ‘१० फ्रेंच स्टेंट’ लिहिलं असेल तर तो सुमारे ३.३ मिलिमीटरचा. दोन्ही कॅथेटर एकदाच वापरायचे असतात. बिलासोबत त्यांचं स्टिकर मागून घ्या, विम्याला तेच लागतं.

या कॅथेटरमध्ये प्रवाह दोन कड्यांमध्येच फिरतो, त्यामुळे त्यासाठी मांडीवर वेगळी प्लेट लागत नाही. दादाला प्लेट लावलेली वहिनीने पाहिली आणि ती घाबरली. ती प्लेट नळीच्या तोंडाशी छेद देण्याच्या साध्या कॉटरीसाठी (विजेने कापण्यासाठी) होती.

उपयोग किती होतो, हे मी जसं वाचलं तसंच सांगते, कारण इथे एकच बाजू सांगणारे बरेच भेटतात. २०११ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी २२ रुग्णांवरचा पहिला अनुभव प्रसिद्ध केला. त्यातून हे करता येतं आणि बहुतेकांना झेपतं, एवढंच कळलं. २०२१ मध्ये चीनमधल्या १७४ रुग्णांच्या तुलनेत ॲब्लेशन आणि प्लास्टिक स्टेंट मिळालेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १४.३ महिने, तर नुसता स्टेंट मिळालेल्यांचं ९.२ महिने निघालं. मात्र स्टेंट उघडा राहण्याच्या काळात फरक दिसला नाही, आणि पित्ताशयाचा दाह ॲब्लेशनच्या गटात जास्त होता. २०२३ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या डॉक्टरांनी धातूचे स्टेंट वापरून तशीच तुलना केली. तिथे आयुष्यातही फरक नाही आणि स्टेंट टिकण्यातही नाही. म्हणजे पुरावा दोन्ही बाजूंना आहे. माझं मत असं झालं: प्लास्टिक स्टेंट घालून पुन्हा पुन्हा नळी साफ करायची असेल, गाठ मुख्यतः नळीच्या आत आणि लांबीला कमी असेल, आणि केमोथेरपी चालू ठेवण्यासाठी वाट मोकळी हवी असेल, तर ॲब्लेशनचा विचार करावा. अंथरुणाला खिळलेल्या, पोटात पाणी झालेल्या रुग्णासाठी यावर लाखभर रुपये घालवू नयेत.

धोके. ईआरसीपीचे जे धोके आहेत ते सगळे यातही आहेत: स्वादुपिंडाचा दाह, छेदाच्या जागी रक्तस्राव, क्वचित आतड्याला भोक. त्यात ॲब्लेशनमुळे भर पडते ती नळीतल्या जंतुसंसर्गाची, पित्ताशयाच्या दाहाची, यकृतातल्या गळवाची, आणि सगळ्यात गंभीर म्हणजे पित्तनलिकेत रक्तस्राव. यकृताची उजवी धमनी पित्तनलिकेला अगदी लागून जाते. दाराशी उष्णता जास्त झाली तर धमनीच्या भिंतीला इजा होऊन काही दिवसांनीसुद्धा रक्त सुटू शकतं. यात मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणूनच दाराशी शक्ती कमी ठेवतात, ७ वॅटच्या आसपास. असा रक्तस्राव झाला तर मांडीच्या धमनीतून कॅथेटर नेऊन ती वाहिनी बंद करावी लागते. ही सोय रात्री-अपरात्री त्याच इस्पितळात आहे का, नसेल तर कुठे नेणार, हा प्रश्न आम्ही तारीख घेण्याआधी विचारला. दुसरा प्रश्न: तुम्ही असे किती केलेत? डॉक्टरांनी सरळ आकडा सांगितला. लहान होता, पण खरा होता, आणि अनुभवी सहकारी त्या दिवशी हजर राहणार हेही सांगितलं. म्हणून आम्ही गोव्यातच करायचं ठरवलं. दादाला मुंबईत पंधरा दिवस ठेवण्याची ताकद आमच्यात नव्हती.

आता कागद. २५ जुलैला विम्याच्या पूर्वमंजुरीचा अर्ज दिला. दोन दिवसांनी उत्तर आलं की उपचार प्रायोगिक वाटतो, तपशील पाठवा. डॉक्टरांकडून एका पानाचं पत्र घेतलं: निदान काय, शस्त्रक्रिया का शक्य नाही, ॲब्लेशन का हवं, कॅथेटर आयात-परवान्याचा आहे का, आणि तो एकदाच वापरायचा का. सोबत मुंबईच्या मताची प्रत. त्यावर ईआरसीपीचा खर्च मंजूर झाला, कॅथेटरचा नाही. आम्ही तो भरला आणि दाव्यात नंतर पुन्हा मागितला. ज्यांच्याकडे खाजगी विमा नाही त्यांनी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आधी बघावं. तीन किंवा कमी माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण आपला उपचार त्यांच्या पॅकेजात कोणत्या नावाखाली बसतो, हे इस्पितळातल्या योजनेच्या टेबलावर दाखल होण्याआधी लिहून घ्या. सरकारी मेडिक्लेमचा मार्ग घ्यायचा असेल तर १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला मामलेदार कचेरीतून लागतो. त्याला दिवस जातात, म्हणून निदान झाल्याच्या आठवड्यातच अर्ज टाका.

कॅथेटर मुंबईहून मागवावा लागला. ३ ऑगस्टला आला. जनरेटर भाड्याने आला, त्याच्यासोबत माणूसही. शनिवारी डब्यावरची लांबी आणि मुदतीची तारीख मी स्वतः वाचली. मागवलेली लांबी १८ मिलिमीटर होती, आली तीही १८. हे बघायचा हक्क रुग्णाच्या माणसांना आहे आणि चांगले डॉक्टर त्याला हरकत घेत नाहीत.

आधीची तयारी साधी आहे, पण चुकते ती यातच. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांपैकी क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी बंद, वॉरफेरिन पाच दिवस आधी. ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. यातलं काहीही स्वतःहून बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. मधुमेहाचं औषध उपाशी दिवशी कसं घ्यायचं, तेही लिहून घ्या. रंगद्रव्याची ॲलर्जी, पेसमेकर, कवळी हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच सांगा. प्लेटलेट ५० हजारांच्या वर आणि आयएनआर दीडच्या खाली हवा. खाजेसाठी दादाला कोलेस्टिरामिनची पुडी चालू होती. ती इतर औषधं शोषू देत नाही, म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनी द्यायच्या. हे वेळापत्रक मी फ्रिजवर चिकटवलं होतं.

५ ऑगस्ट, सोमवार. बिलिरुबिन २.४, आयएनआर १.१, प्लेटलेट २ लाख १० हजार. मध्यरात्रीपासून उपाशी. आत नेण्याआधी गुदद्वारातून १०० मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक दिलं. स्वादुपिंडाच्या दाहाचा धोका कमी करण्याचा हा स्वस्त आणि भक्कम पुरावा असलेला उपाय आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते द्यायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतात. प्रतिजैविकाचा डोस शिरेतून आधीच गेला. दादाला पोटावर झोपवलं, मान उजवीकडे, भूल प्रोपोफॉलची.

आतल्या नोंदीनुसार असं झालं. जुने दोन्ही स्टेंट काढले, त्यांत चिकट गाळ होता. दोन्ही नळ्यांत गाइडवायर घातल्या. कॅथेटर क्ष-किरणात पाहून अरुंद जागेच्या मध्यावर आणला. ७ वॅट, ८० अंश, १२० सेकंद. मग एक मिनिट थांबले. हे थांबणं महत्त्वाचं, कारण गरम कॅथेटर लगेच ओढला तर भिंतीची ऊती त्यासोबत सोलून येते आणि रक्त सुटतं. मग अर्धा-एक सेंटिमीटर जुन्या जागेवर राहील असा सरकवून दुसऱ्यांदा तितकंच. नंतर फुगा फिरवून मेलेली ऊती बाहेर काढली आणि डावी-उजवीकडे १० आणि ७ फ्रेंचचे प्लास्टिक स्टेंट घातले. धातूचा न घालण्याचं कारण डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं: तीन महिन्यांनी पुन्हा आत बघायचं आहे. शिवाय धातूच्या जाळीला कॅथेटरच्या कड्या लागल्या तर प्रवाह जाळीतूनच फिरतो आणि उष्णता नको तिथे जाते. एकूण वेळ एक तास वीस मिनिटं. गाठ तापवण्याचा वेळ त्यातला चारच मिनिटांचा.

खोलीत आल्यावर सहा तास तोंडाने काही नाही. चार तासांनी अमायलेज (स्वादुपिंडाला सूज आली की रक्तात वाढणारं) तपासलं, किंचित वाढलेलं. पोटात वरच्या बाजूला दुखून पाठीत जाणारी कळ येते का, हे दर तासाला विचारायचं असं सिस्टरांनी सांगितलं. आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उकड्या तांदळाच्या पेजेचं नुसतं पाणी, संध्याकाळी पेज. ८ ऑगस्टला घरी. बिल २,३४,००० रुपये: कॅथेटर ८६,०००, जनरेटरचं भाडं १५,०००, दोन स्टेंट ५,६००, उरलेले १,२७,४०० ईआरसीपी, भूल, खोली आणि औषधांचे. हा आमच्या बिलाचा हिशेब आहे. तुमच्याकडे तेवढाच येईल असं धरू नका, अंदाजपत्रक लेखी मागा आणि त्यात कॅथेटर धरला आहे की नाही ते पाहा.

अवघड भाग १९ ऑगस्टला आला. रात्री अकराला दादाला हुडहुडी भरली, ताप १०१.८. जवळच्या एका दवाखान्यात पॅरासिटामॉल देऊन ‘सकाळी बघू’ म्हणाले. पावसाची साथ चालू होती, त्यांनाही ती सर्दी-तापाची केस वाटली. वहिनीने मला मध्यरात्री फोन केला. मी म्हटलं, “वहिनी, थांबू नका. गाडी काढा. स्टेंटवाल्या माणसाची हुडहुडी ही साथ नसते.”

ॲब्लेशननंतर एक-दोन आठवड्यांत मेलेली ऊती सुटून पडते. त्याच ऊतीने ७ फ्रेंचचा उजवा स्टेंट बुजला होता. पहाटे रक्ताचे कल्चर घेऊन प्रतिजैविक सुरू केलं, दुपारी ईआरसीपी करून स्टेंट बदलला, दुसऱ्या दिवशी ताप उतरला. २५ ऑगस्टला घरी. सकाळपर्यंत थांबलो असतो तर रक्तदाब खाली गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. त्या रात्रीबद्दल मला अजून वाईट वाटतं, कारण घरी जाताना वहिनीच्या हातात औषधांची यादी होती, पण ताप आला तर काय करायचं याचा एकही शब्द त्या कागदावर नव्हता आणि तो मीही मागून घेतला नव्हता.

त्यानंतर मी एक कार्ड करून दिलं, आणि हे प्रत्येकाने करावं: रुग्णाचं नाव, ‘पित्तनलिकेत दोन प्लास्टिक स्टेंट’, टाकल्याची तारीख, जाडी, पुढच्या बदलाची तारीख, चालू औषधं, डॉक्टरांचा नंबर, आणि खाली मोठ्या अक्षरात: १००.४ च्या वर ताप, हुडहुडी, पुन्हा पिवळे डोळे, काळं शौच किंवा रक्ताची उलटी असेल तर त्याच रात्री इस्पितळात. एक प्रत पाकिटात, एक फोनच्या कव्हरमागे. नव्या डॉक्टरसमोर घाबरलेल्या माणसाला एवढं सांगता येत नाही, कार्ड दाखवता येतं.

७ सप्टेंबरला चवथ (गणेश चतुर्थी) होती. दादा माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची चौकट) बांधायला खुर्चीवर बसून का होईना, होता. करंज्या-नेवऱ्यांना हात लावू दिला नाही. तळलेलं आणि नारळाचं दाट हुमण (माशाची आमटी) पहिले काही आठवडे झेपत नाही, पोट जड होतं. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खाल्लेलं टिकतं. १२ सप्टेंबरला केमोथेरपी सुरू झाली, जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन, तीन आठवड्यांच्या चक्रात पहिल्या आणि आठव्या दिवशी. त्या दिवशी बिलिरुबिन १.१ होतं. गेले अडीच महिने सगळी धडपड या आकड्यासाठीच चालली होती.

विम्याचा राहिलेला दावा ऑक्टोबरात सुटला. आधी १,३३,००० मिळाले होते, पत्र, स्टिकर आणि ईआरसीपीच्या छापील फोटोंसह उत्तर पाठवल्यावर आणखी ७२,०००. नाकारल्याचं पत्र आलं की प्रकरण संपलं असं मानून गप्प बसू नका. नाकारण्याचं कारण लेखी मागा आणि त्याच मुद्द्याला उत्तर द्या.

११ नोव्हेंबरला स्टेंट बदलायची ठरलेली तारीख. प्लास्टिक स्टेंट तीन महिन्यांच्या आसपास बुजतात, म्हणून त्रास नसला तरी बदलायचेच. ऑगस्टमध्ये गाइडवायर मुश्किलीने गेली होती, त्या जागेतून फुगा सहज वर गेला. दुसरं ॲब्लेशन त्याच दिवशी करायचा विचार होता, पण केमोथेरपीने प्लेटलेट ६२ हजारांवर आल्या होत्या. ५० हजारांच्या खाली त्या गेल्या नव्हत्या, तरी डॉक्टर थांबले. धमनीशेजारी तापवायचं आणि रक्त गोठायला कमी पडायचं, ही जोड नको म्हणाले. नळी झाडून दोन्ही बाजूंना १० फ्रेंचचे नवे स्टेंट घातले आणि तिसऱ्या दिवशी दादा घरी आला. ॲब्लेशन नाकारलं गेलं म्हणून आम्हाला क्षणभर वाईट वाटलं होतं. आता वाटतं, न करण्याचा निर्णय घेणारा डॉक्टर मिळाला, हे चांगलं झालं.

हे लिहिते आहे त्या २०२५ च्या जानेवारीत दादाचं वजन दोन किलोने वाढलं आहे. तो सकाळी देवळापर्यंत चालत जातो आणि परत येताना पोदेराकडून (पाववाल्याकडून) दोन उंडे (गोल पाव) आणतो. पुढची तारीख १० फेब्रुवारी. त्याआधीचा केमोथेरपीचा डोस एक आठवडा पुढे ढकलायचा असं दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवलंय. ७ तारखेला प्लेटलेट आणि आयएनआर. प्लेटलेट एक लाखाच्या वर असतील तरच दुसऱ्या ॲब्लेशनसाठी कॅथेटर मागवायचा.